अकरा पानांची चूक घेऊन नरखेडला

मला डॉ. संघमित्रांच्या पुस्तकात चूक सापडली आणि मी नागपूरचं तिकीट काढलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या मॅडम माती आणि पाण्याच्या शास्त्रज्ञ. आठवडाभर संत्र्याच्या झाडाला किती पाणी लागतं ते मोजतात आणि उरलेल्या वेळात अंतराळातली युद्धं लिहितात. मराठीत! जहाजं, तोफा, हुकूम, आणि सगळं फिजिक्सच्या नियमात बसणारं. युद्धनौकांची नावं 'कन्हान', 'वैनगंगा' अशी, विदर्भातल्या नद्यांची. मी इंग्लिश मीडियमचा. पेपरातलं राशिभविष्यसुद्धा आईकडून वाचून घेणारा. पण यांच्या कादंबरी-मालिकेचा दुसरा भाग मी सात वेळा वाचलाय.

त्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक ओळ असते: 'चूक दाखवा. खरी निघाली तर पुढचा भाग छापण्याआधी तुमच्या हातात.' तिसरा भाग! छापण्याआधी! मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

तर चूक अशी. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या लढाईत 'कन्हान' लागोपाठ चाळीस गोळे डागते आणि जागची हलत नाही. अरे, गोळा पुढे गेला की जहाज मागे जाणार ना? शाळेतला न्यूटन! मी अकरा पानं गणित करून मेल केलं. उत्तर आलं: 'शनिवारी ये. सोबत बागेत जाऊ. जुने कपडे घाल.'

मी नवीन जॅकेट घेतलं. फोटो चांगले यायला हवेत.

शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून ट्रेन, सकाळी नागपूर. डिसेंबरात जाणार असाल तर स्वेटर घ्या. 'नागपूर म्हणजे ऊन' हे ज्यांनी सांगितलं ते सकाळी सात वाजता इथे उतरलेले नाहीत. स्टेशनवरून प्रताप नगरला, मॅडमच्या घरी, रिक्षा केली. दोनशे म्हणाला, दीडशेला आला.

"काहून आले भाऊ नागपूरले? लग्न हाये काय?"

"नाही, एका लेखिकेला तिची चूक दाखवायची आहे."

त्याने आरशातून माझ्याकडे नीट बघितलं. "पुण्याचे काय?"

मॅडम गेटवरच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, पायात स्पोर्ट्स शूज, खांद्याला मोठी पिशवी. माझ्या डोक्यात त्यांची इमेज ॲडमिरलसारखी होती, आणि या विचारतात, "आंघोळ राहू दे. इथे करून पुन्हा करावी लागेल. तर्री पोहे खातोस?" कोपऱ्यावरच्या गाड्यावर तीस रुपये प्लेट, पोह्यांवर लाल तिखट रस्सा, तीच तर्री. मी 'तर्री थोडी कमी' म्हटलं, तर गाडीवाल्याने मॅडमकडे बघितलं, मॅडमनी मान हलवली, आणि नेहमीइतकीच पडली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तरी दुसरी प्लेट घेतली. तुम्हीही घ्याल.

बाग नरखेडला. तिथे एसटीने काटोलवरून जायचं. अडीच तास धरा, रस्ता ठीक आहे, शेवटच्या सीटवर बसू नका. मॅडमनी पिशवीतून माझी अकरा पानं काढली आणि पेन्सिल घेऊन वाचायला लागल्या. काटोल आलं, गेलं. पेन्सिल चालूच. मी खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा बघतोय असं दाखवत होतो.

"गणित बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

मी सीटवरून जवळजवळ उठलोच. "म्हणजे तिसरा भाग..."

"बागेत बघू."

फाट्यावर गुलाबभाऊ मोटरसायकल घेऊन आले होते. बाग त्यांची. मॅडम दर शनिवारी तिथल्या मातीतला ओलावा मोजायला जातात. गुलाबभाऊ साठीचे, डोक्याला मफलर, आणि नजर सरळ माझ्या जॅकेटवर.

"हाच काय गा मॅडमची चूक काढणारा?"

"हो काका."

"बस मांगं. घट्ट धर. मॅडमची चूक आतापर्यंत मीच काढली हाये."

मला वाटलं मस्करी. नव्हती. दुसऱ्या भागाचं हस्तलिखित छापण्याआधी वाचणारा माणूस जगात एकच, आणि मी त्याच्या मागे बसून ट्रिपल सीट चाललो होतो.

बागेत गेल्यावर मॅडमनी विहिरीवरच्या मोटरचा जाड पाइप माझ्या हातात दिला. त्याच्या तोंडाला अरुंद नळी बसवली होती.

"ही 'कन्हान'ची तोफ. धर."

"एका हाताने धरू का?" मी फोनचा कॅमेरा चालू करत विचारलं.

"धर ना बावा," गुलाबभाऊ म्हणाले आणि बटण दाबलं.

पुढचं फोनमध्ये आहे, पण फक्त आकाश दिसतं. पाणी पुढे गेलं, मी मागे गेलो, काळ्या चिखलात बसलो आणि पाइप सापासारखा माझ्या अंगावर नाचला. गुलाबभाऊंनी मोटर बंद केली, पण घाई अजिबात केली नाही.

"बघा!" मी चिखलातून ओरडलो. "हेच म्हणतोय मी! जहाज मागे जाणार!"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी नळी काढून तिथे प्लंबरकडे मिळतो तसला टी आकाराचा जोड बसवला, एक तोंड पुढे, एक मागे. "आता धर."

मी दोन्ही हातांनी, पाय रोवून, डोळे मिटून धरला. मोटर चालू झाली. काहीच नाही! पुढे धार, मागे धार, मी मध्ये शांत. एक हात सोडला तरी शांत.

"अबे, मांगं पाह्य ना!" मागची धार गुलाबभाऊंच्या मफलरवर चालली होती.

मोटर बंद झाल्यावर मॅडमनी विचारलं, "तोफ डागली की तापते. ती उष्णता 'कन्हान' कुठे टाकते?"

मी हातातल्या पाइपकडे बघितलं.

"पाण्यात. त्या पाण्याची वाफ होते. ती जहाजाच्या मागून सोडतात. पुढे गोळा, मागे वाफ. पान एकशे अठरा ते एकशे एकतीस. वाचलंस?"

आता खरं सांगतो. नव्हतं वाचलं. सातही वेळा नाही. त्या चौदा पानांत टाक्या, नळ्या आणि मोठमोठे मराठी शब्द आहेत, आणि पान एकशे बत्तीसवर लढाई सुरू होते. मी उडी मारायचो.

"मी... पाण्याची पानं सोडतो," मी म्हणालो. चिखलापेक्षा हे जड गेलं.

गुलाबभाऊ मफलर पिळता पिळता हसायला लागले. "मी लढाया सोडतो गा! गोळा इकून गेला, गोळा तिकून आला. त्याच्यात काय वाचाचं? मले त झोप येते."

त्यांनी संत्री दिली, काकूंनी भाकरी आणि वांग्याची भाजी दिली, आणि मी उन्हात वाळत बसून पुण्याला रिकाम्या हाताने जायची तयारी करत होतो. निघताना मॅडमनी पिशवीतून साठ पानं काढली. तिसऱ्या भागाची पहिली चार प्रकरणं.

"नियमाप्रमाणे तुला मिळत नाहीत. पण एवढ्या लांब आलास. यात एकही गोळी सुटत नाही. लढाई संपलीय, जहाज घरी चाललंय, टाकीत पाणी किती आणि प्यायला माणसं किती, एवढंच आहे. चूक सापडली तर पुढचं पाठवते. नाहीतर दुकानात भेटू."

"गुलाबभाऊंनी वाचलंय?"

"दोनदा वाचलं," ते म्हणाले. "चूक नाही."

रविवारच्या ट्रेनमध्ये सहाव्या पानावर मला झोप लागली. बाराव्यावर पुन्हा. घरी आल्यावर आईने जॅकेट बघून जे काही म्हटलं ते ब्लॉगवर लिहिता येणार नाही. मग मी टेबलावर दुसरा भाग आणि ही साठ पानं उघडून बसलो आणि पहिल्यांदाच एकशे अठराव्या पानापासून, शब्द अडला की आईला विचारत, सरळ वाचत गेलो. प्रत्येक गोळ्यामागे किती पाणी वाफ होऊन बाहेर जातं ते तिथे स्पष्ट दिलंय. आणि सांगू? भारी आहे ते. लढाईपेक्षा भारी. सोडू नका.

मग नवीन पानं. लढाईत गेलेलं पाणी टाकीतून वजा केलेलं होतं. बारा गोळ्यांचं.

बारा?

ती लढाई मला पाठ आहे. झोपेत विचारा. चाळीस गोळे.

मी फोन केला. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "पहिल्या खर्ड्यात बाराच होते रे. छापायला देताना लढाई जरा फिकी वाटली. वाढवले. तिसऱ्या भागात बदलायचं राहिलं." गुलाबभाऊंना कळणं शक्यच नव्हतं. ते लढाया वाचत नाहीत.

ट्रिपचा खर्च जाऊन-येऊन तीन हजारांत बसला, जॅकेट सोडून. नरखेडला नक्की जा, संत्री स्टेशनवर घेऊ नका, बागेतून आणा. आता मराठी पेपर मी स्वतः वाचतो, राशिभविष्य सोडून.

आणि तिसऱ्या भागाची वाट बघणाऱ्यांनो, सॉरी. तो या उन्हाळ्यात येणार होता, आता येणार नाही आणि त्याला कारण मी आहे. बुधवारी मॅडमनी कळवलं की चूक खरी आहे. पुढची सगळी प्रकरणं छापण्याआधी वाचायचा हक्क मला मिळालाय. पण वाचायला काही नाहीये. चाळीस गोळ्यांचं पाणी वजा केलं तर चौथ्या प्रकरणाच्या शेवटी 'कन्हान'वरचे सगळे तहानेने मरतात, आणि पाचव्यात हुकूम द्यायला कोणी उरलेलंच नाही.