लाल ठिपक्याची कासवं

पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी लाल रंगाचा डबा उघडला, आणि त्या वासासरशी मी पस्तीस वर्षं मागं, आमच्या बारवेच्या शेवाळल्या पायरीवर जाऊन बसलो.

तेव्हा गावात बारव बुजवायचं घाटत होतं. ती वाचावी म्हणून मी छाती ठोकून सांगितलेलं, "आत पाचशे कासवं हायत. पाण्याला जागा उरली न्हाई." प्राणिशास्त्र शिकवणारी माझी थोरली बहीण, कुंदाअक्का, म्हणाली, "मोजू की."

आम्ही दहा कासवं धरली, पाठीवर याच लाल रंगाचा ठिपका देऊन सोडली. आठ दिवसांनी परत दहा धरायची. त्यांत ठिपकेवाली जितकी कमी, तितकी बारवेत कासवं जास्त. एवढं कळल्यावर माझं डोकं विमानागत चाललं. ठिपकेवालं हाती आलं, की गुपचूप पाण्यात.

तिसरं ठिपकेवालं सोडताना अक्कानं मनगट धरलं. "आज खोटं लिहिलं, तर उद्या वाढली का घटली, कसं कळंल रे?"

"खरं सांगितलं तर बुजवतील की."

"जित्या जिवावर माती कोण टाकतंय, बघू."

पुन्हा नीट धरली. दहांत चार ठिपकेवाली; ठिपक्याची एकूण दहा, म्हणजे सगळी मिळून पंचवीस. अक्कानं चावडीवर तेवढीच सांगितली. फावडं कुणी उचललं नाही.

यंदा पोळ्याचा उरलेला रंग घेऊन मी एकटाच उतरलो, दहांना ठिपके दिले. आज, आठ दिवसांनी, दुसऱ्यांदा दहा धरली. ठिपकेवाली दोनच. म्हणजे कासवं पन्नास झाली.

अक्काला फोन केला. तिनं आकडा दोनदा विचारला. मग म्हणाली, "खरं सांग, किती सोडलीस पाण्यात?"

"एकबी न्हाई, अक्का," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मला काही वाढवून सांगायची गरजच पडली नव्हती.