शिळा गोल

फ्यूजताईला 'हे तुला जमणार नाही' असं कुणी म्हणू नये. म्हटलं की संपलंच. मग ती जेवण विसरते, एकाची इस्त्री दुसऱ्याच्या पिशवीत बांधून देते, पण ते काम तडीस नेल्याशिवाय स्वस्थ बसत नाही. पंखे, मिक्सर आणि वॉशिंग मशिनं उघडण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. दुरुस्तीचं दुकान इमारतीच्या तळाला आणि घर तिसऱ्या मजल्यावर. घरात मोठा भाऊ, वहिनी आणि ही. तिचं खरं नाव भलं गोड आहे, पण तिचं डोकं ज्या वेगानं भडकतं तो बघून लोकांनी फार पूर्वीच हे नाव तिला बहाल केलं, आणि तिनंही ते दुकानाच्या पाटीवर लावून टाकलं.

दादा, म्हणजे तिचा भाऊ, समोरच्या मैदानावर वर्षानुवर्षं फुटबॉलचा पंच होता. त्याची शिट्टी वाजली की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. मग डोळ्यांनी दगा दिला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं, आणि आता फक्त उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. वहिनी म्हणायची, "चला, मी हात धरते, मैदानावर जाऊन बसू." दादा फटकन म्हणायचा, "ज्यांना मी लाल कार्ड दाखवून हाकललं, त्यांच्यासमोर बायकोचा हात धरून जाऊ? त्यापेक्षा ही खिडकी बरी."

म्हणून तो खिडकीशी बसायचा. खालून ओरडा आला की मान वळवून विचारायचा, "काय झालं गं?" वहिनी हात पुसत स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. "काही नाही, पोरं पळतायत," ती सांगायची. आता फुटबॉलच्या मैदानावर पोरं पळणार नाहीत तर काय रांगणार? पण बिचारीला जे दिसायचं ते ती सांगायची.

दादाची मुलगी दूरच्या शहरात राहायची. ती फोनवर मागे लागली, "बाबा, तिथं कुढत बसण्यापेक्षा आईला घेऊन इकडेच या. बाग आहे, शांतता आहे." दादा एक दिवस हो म्हणाला. हंगामाचा शेवटचा सामना झाला की ती गाडी पाठवणार होती, आणि दोघं कायमचे जाणार होते.  फ्यूजताईला घर रिकामं होणार याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोला! पण तिला जास्त झोंबला तो दादाचा 'हो'. आयुष्यभर ठणकावून निर्णय देणारा माणूस 'न्या मला कुठंही' अशा आवाजात बोलला होता.

"मैदान मी घरात आणते," ती म्हणाली. "तुला बसल्या जागी सामना ऐकवते. मग बघू कसा जातोस ते."

"तुला चेंडू गोल असतो यापलीकडे काय कळतं? तुला नाही जमणार."

झालं! बोलला ना नेमकं ते!

पुढच्या सामन्याला ती मैदानाच्या कडेला मोबाइल तिकाटण्यावर लावून उभी राहिली. कुठल्याशा फुकटच्या साइटवरून लाइव्ह सुरू केलं आणि माइकवर पायमोजा चढवून (वाऱ्याचा घुरघुराट येऊ नये म्हणून, धुतलेला होता) सामन्याचं वर्णन करू लागली. वर दादा कानाला हेडफोन लावून बसला. थोड्या वेळानं खिडकीतून आरोळी आली. दादा ताडकन उठला. गोल! पण कुणाचा? हेडफोनमध्ये फ्यूजताई अजून निवांतपणे चेंडू मधोमध फिरवत होती. दादा उभाच. खालचा जल्लोष सरला, लोक खाली बसले, आणि मग कुठं कानात बहिणीची किंकाळी आली, "गोऽऽल!" दादानं हेडफोन काढून ठेवला.

"शिळा गोल वाढलास गं मला," संध्याकाळी तो म्हणाला. "सगळी गल्ली जेवून उठली, भांडी घासून झाली, आणि मग माझं पान मांडलंस."

त्याचा आवाज बोलताना कापला. फ्यूजताईला हसूही आलं आणि रडूही. पण रडत बसेल ती फ्यूजताई कसली! कारण शोधून काढलं तेव्हा कळलं की तिचं चित्र आणि आवाज आधी त्या साइटवाल्यांच्या दूरच्या यंत्रांकडे जायचं, तिथं त्याचे तुकडे पडायचे, आणि मग ते रमतगमत समोरच्या खिडकीत परत यायचं. मैदानातून घरात यायला जगाची यात्रा! "नको मला कुणाची मेहेरबानी," ती म्हणाली. "सर्व्हर आपल्याच घरात बसवते."

दुकानाच्या माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. तिनं तो उघडून झाडला, मेमरी वाढवली, आतल्या पंख्याला तेल दिलं आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन चपलांच्या कपाटावर, राउटरच्या शेजारी ठेवला. राउटरला त्याची थेट वायर जोडली, वायफायच्या भरवशावर ठेवला नाही. मैदानावरच्या मोबाइलला बाहेरून आत येता यावं म्हणून राउटरमध्ये वाट मोकळी करून दिली आणि तिला पासवर्डचं कुलूप घातलं. सॉफ्टवेअर फुकट मिळालं, पण अक्कल फुकट मिळत नाही. एका रात्रीत तीनदा सगळं पुसून पहिल्यापासून केलं. इंटरनेटवर मदत मागितली तर कुणी दीडशहाण्यानं 'नवशिक्यांनी या भानगडीत पडू नये' असं लिहिलं. त्यानंतर तर ती पेटलीच.

"हे धूड घोंगावतंय बघ कसं," वहिनी म्हणाली. "आणि धूळ केवढी बसणार त्यावर!"

"बसू दे गं. पंखा आहे त्यात, तो श्वास घेतोय."

दुसऱ्या सामन्याला आरोळी आणि आवाज यांच्यातलं अंतर निम्म्यावर आलं. "आता कोमट आहे," दादानं निकाल दिला. कोमट! फ्यूजताई पुन्हा सर्व्हरसमोर मांडी ठोकून बसली. घरचा सर्व्हरसुद्धा चित्राचे तुकडे करत होता, आणि ऐकणाऱ्याचं यंत्र दोन-चार तुकडे हाताशी जमेपर्यंत वाजवायला सुरुवातच करत नव्हतं. म्हणजे शेजारच्या खोलीत पाणी न्यायचं, तर बादल्या भरून रांगेत ठेवायच्या आणि मग एकेक उचलायची. सरळ नळी लावायला काय धाड भरली? तिनं तुकडे पाडणं बंद केलं, सलग धार सोडली आणि धार अडखळू नये म्हणून चित्र लहान करून टाकलं. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याला चित्र कुठं बघायचं होतं!

मग ती खाली दुकानात गेली आणि मोबाइलसमोर टाळी वाजवली. टाळीचा आवाज विरतो न विरतो तोच वरच्या खिडकीतून दादा ओरडला, "आली!" पुन्हा टाळी, पुन्हा "आली!" फ्यूजताईनं मिक्सर घ्यायला आलेल्या बाईला मिठीच मारली.

यंत्र सुधारलं आणि खरा दोष उघडा पडला. तो म्हणजे खुद्द फ्यूजताई. "निळ्यातला तो उंच पळतोय... पडला बाई बिचारा... गुडघा फुटला वाटतं..." असं तिचं वर्णन. सामना संपल्यावर दादा असा काही गरजला की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

"चेंडू कुठं होता? मला चेंडू सांग! त्याच्या गुडघ्याला काय मलम लावायचंय मी?"

"मग शिकव ना! नुसता खेकसतोस काय!"

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर शाळा भरू लागली. मिठाची बाटली गोलकीपर, वाट्या बचावाला, चमचे हल्ल्याला. दादा बोटांनी चाचपून एकेकाला जागेवर बसवायचा. आधी चेंडू कुठं ते सांगायचं, मग कुणाच्या पायात, मग त्याचं तोंड कुठं. फ्यूजताई चुकली की तो टेबलावर थाप मारायचा. त्याला पोटभर चिडताना बघून वहिनी दाराआड उभी राहून डोळे पुसायची. फ्यूजताईनं उलट दिशेनंही एक धार सोडली, म्हणजे दादाचा आवाज थेट तिच्या कानात. "उजवीकडे कोण मोकळा आहे?" तो विचारायचा, ती सांगायची. तिनं लिंक वाटली, तसे हळूहळू दादाचे जुने सोबती ऐकू लागले, खेळाडूंच्या आया ऐकू लागल्या, आणि दूरच्या शहरातून भाचीही ऐकू लागली.

पण सामान बांधलं जातच होतं. "मुलीला शब्द दिलाय," एवढंच दादा म्हणायचा. फ्यूजताईनं यावर वाद घातला नाही. शेवटचा सामना ताजा, गरमागरम वाढायचा, मग पुढं जे होईल ते होवो, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

शेवटच्या सामन्याला बरोबरी चालू होती आणि वेळ संपत आली होती. निळ्यांचा एक जण गोलपोस्टसमोर कोसळला, शिट्टी वाजली आणि दोन्ही संघ पंचावर तुटून पडले. फ्यूजताई बोलत होती, आणि बोलता बोलता तिच्या कानातला दादाचा श्वास थांबला. मोबाइलवर लाल खूण. सर्व्हर बंद! तिनं चार-पाचदा जोडून बघितलं, मग खिशातून दुकानाचा मोबाइल काढून घरी फोन लावला.

"वहिनी, तो कॉम्प्युटर बघ! चालू आहे का?"

"बंद झालाय वाटतं. बरं वाटलं बाई, केव्हाचा घों घों करत होता."

"त्यावर काही घातलंयस का?"

"सकाळीच खोळ घातलीय," वहिनी कौतुकानं म्हणाली. "झालर लावून शिवली. आज शेवटचा सामना, म्हटलं जरा नीटनेटकं दिसू दे."

"अगं, काढ ती खोळ! गुदमरला तो! काढ आणि समोरचं बटण दाब! आणि दादाला फोन दे, मी तोंडी सांगते."

"ते कुठं आहेत इथं? 'पेनल्टी की नाही, पेनल्टी की नाही' म्हणत दार उघडं टाकून गेले. अगंबाई! जिन्यानं गेले की काय?"

फ्यूजताईनं वळून बघितलं. मैदानाच्या फाटकात दादा उभा होता. अनवाणी, एक हात भिंतीला लावलेला, अंगात घरातला बनियन. ज्या माणसाला वर्षभर बायकोचा हात धरायची लाज वाटत होती, तो सगळ्या मैदानासमोर घसा ताणून ओरडत होता.

"फ्यूज! दिली की नाही पेनल्टी?"

भांडणारे वळून बघू लागले. निळ्यांचा प्रशिक्षक धावत गेला. दादानं ज्यांना लाल कार्ड दाखवलं होतं त्यांच्यातलाच हा एक. त्यानं अवघडून हात पुढे केला, आणि दादानं तो मनगटापासून घट्ट धरला.

"दिली का?"

"दिली, सर."

"मग इथं काय उभे आहात? मला तिकडे न्या ना!"

तो फ्यूजताईच्या शेजारी येऊन उभा राहिला, धापा टाकत. मोबाइलवर हिरवी खूण आली होती. वहिनीनं बटण दाबलं होतं, देव तिचं भलं करो. फ्यूजताईला आता रडायची सोय नव्हती. चेंडू कुठं ते सांगायचं होतं.

"चेंडू ठिपक्यावर. मारणारा मागे चाललाय. गोलकीपर मधोमध."

"गोलकीपरचं वजन कुठल्या पायावर?"

"डाव्या."

"मग उजवीकडे झेप घेणार तो. बघ तू."

"धावला... मारला... गोलकीपर उजवीकडे, चेंडू डावीकडे..."

"गोऽऽल!" ही आरोळी फ्यूजताईची नव्हती. दादा माइकमध्ये ओरडला होता, सगळ्या मैदानाच्या बरोबरीनं, त्याच क्षणी. फ्यूजताई त्याच्या दंडाला धरून चक्क हुंदके देत होती, आणि ते ऐकणाऱ्या सगळ्यांना ऐकू जात होते. जाऊ देत.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. भाची होती.

"आत्या, तो बाबांचा आवाज होता?"

"हो गं."

"घरात बसून एवढ्या जोरात ओरडले?"

"घरात नाही. इथं आहे, मैदानावर, माझ्याशेजारी. आपल्या पायांनी आलाय."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "त्यांना दे ना फोन."

फ्यूजताईनं फोन दादाच्या कानाला लावला. "आत्ता नको," दादा वैतागून म्हणाला. "अजून वेळ आहे, खेळ संपला नाहीये." आणि त्यानं फोन बाजूला सारला.

"ऐकलं मी," भाची म्हणाली. ती रडतही होती आणि हसतही होती. "आत्या, गाडी पाठवत नाही मी. त्यांना सांग... नाही, आत्ता नको सांगूस. खेळ बघू दे त्यांना."