कोयत्यावरचं पान

त्या कोयत्याची मूठ अजूनही डोळ्यांसमोर येते. पोलीस खात्यात मी थोडीच वर्षं उपनिरीक्षक होते. नोकरी सुटली, बुऱ्हाणपूरचं हे प्रकरण सुटलं नाही.

सकाळी थाण्यात फोन आला: इतवारा बाजारात एक जण पिशवीत मोठा छुरा घेऊन फिरतोय. भर बाजारात आम्ही त्याला पकडलं. पिशवीत केळीच्या वाळक्या पानात गुंडाळलेला कोयता निघाला. पात्याला ताजी धार, मुठीवर काळपट डाग.

"कुणाला कापायला निघालास?" हवालदारांनी विचारलं.

"केळीचे घड, साहेब. शाहपूरला चाललो. इथं फक्त धार लावायला आलतो."

"इतवाऱ्यात कुठं आली रे केळीची बाग?"

सगळे हसले. मीही.

हवालदार सांगत गेले, मी पंचनामा लिहीत गेले: धारदार शस्त्र, पातं बंदीच्या मापापेक्षा लांब, संशयास्पद डाग, समाधानकारक उत्तर नाही. पान कचऱ्यात गेलं, माणूस जेलमध्ये.

दुसऱ्या दिवशी जसोंडीहून त्याची बायको आली. तिनं त्याचा सदरा टेबलावर पसरला. तेच डाग.

"केळीचा चीक आहे, मॅडम. घासून घासून हात गेले माझे. शिक्षा झाली तर घड कापणाऱ्यांचा टोळीवाला त्याला कामावर घेणार नाही. मग खायचं काय?"

मी धारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "घड कापणारे सगळे कोयता पानातच आणतात, मॅडम. धार कुणाला लागू नये म्हणून." त्याचा जबाब फाइलला जोडला. वरिष्ठ म्हणाले, "अब कोर्ट देखेगा."

साक्षीला उभी राहिले तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, "पात्याचं माप कागदावर आहे. हे बनवलंय कशासाठी, आणि हा चालला कुठं होता?"

आठवत नाही म्हणणं सोपं होतं.

"कोयता पानात गुंडाळलेला होता, सर. मी ते लिहिलं नाही."

तो सुटला. शेतीचं अवजार शेतीच्या कामासाठी नेणं हा गुन्हा नाही, नुसत्या लांबीवरून ते बंदी असलेलं शस्त्र ठरत नाही, असं निकालात होतं.

कोयता परत न्यायला तो थाण्यात आला.

"टोळीवाल्यानं घेतलं कामावर?"

"निकालाचा कागद दाखवला, तेव्हा घेतलं." तो घुटमळला. "पण ताई, उघडा कसा नेऊ? पुन्हा कुणी फोन करेल."

थाण्यामागच्या केळीचं एक वाळकं पान मी स्वतः तोडून आणलं. त्यानंतरच्या प्रत्येक पंचनाम्यात, वस्तू कशात गुंडाळली होती, हे मी आधी लिहिलं.