दाजींची मेंढरं

अख्ख्या माण तालुक्यात पायमोजा या वस्तूसाठी आमच्या दाजींइतका जीव कुणी टाकला नसेल. मुळात दहिवडीच्या उन्हात लोकरीचे मोजे घालतंय कोण? पण दाजी फौजेतले. बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर ते विणायला शिकले आणि पेन्शनीत आले ते सुया घेऊनच. पारावर बाकीचे पेन्शनर पत्ते कुटायचे. दाजी भरघोस मिशांआडून टाके मोजत टोपडी विणायचे. गावात त्यांचं टोपडं न मिळालेलं बाळ नव्हतं आणि ते भिरकावून न दिलेलंही नव्हतं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघतानाही त्यांच्या खिशातून लोकर निघायची. कुणी हसलंच तर म्हणायचे, "बंदूक धरली तवा कोण हसलं न्हाई. ह्यात तर कोण मरत बी न्हाई."

माझी थोरली बहीण, अक्का, नवऱ्याच्या या नादाकडे कधी ढुंकूनही बघत नसे. मग तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा पाय लुळा पडला आणि भर उन्हातही गार लागू लागला. दाजींनी लगोलग पांढऱ्या लोकरीचे मोजे विणले. अक्का खाटेवरून म्हणाली, "मड्याच्या पायावानी दिसतंय."

"मग काय काढू त्याच्यावर?"

"मेंढरं काढा. आमच्या आण्णांची हुती तसली."

आमचे वडील मेंढपाळ होते. दाजींनी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून मेंढरू बसवलं आणि तपकिरी लोकरीत पांढरा कळप विणायला घेतला. मोज्याला वेढा घालून कळप जिथे परत जुळायचा, तिथल्या मेंढराला हमखास डोकं उरायचं नाही. टाचेपाशी तर सगळी उताणी व्हायची. अक्का बारकाईने बघून म्हणायची, "ही कुत्री हायत." दाजी निमूट उसवायचे. शेवटी एकदाची मेंढरं मेंढरांसारखी झाली, तर मोजा टाचेवरून वर चढेना. दोन रंगांत विणताना न लागणारा धागा आतल्या बाजूने ओढत न्यावा लागतो; दाजींनी तो फौजी शिस्तीत ताणून बसवला होता. तेवढ्या धडपडीत अक्का हसली. आजारी पडल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दाजींनी तोही मोजा उसवला, पण त्या दिवशी ते गुणगुणत होते.

पुढे अक्काची मूत्रपिंडं बिघडली. तिला साताऱ्याच्या दवाखान्यात हलवलं, तेव्हा दाजींनी कपड्यांच्या आधी लोकर पिशवीत भरली. आता पाय सुजत चालले होते. दाजी माप घ्यायचे, विणायचे, दोन दिवसांनी ते माप अपुरं पडायचं. पुन्हा उसवायचे. डॉक्टर मला बाहेर बोलावून जे सांगायचे ते मी दाजींना सांगायला जायचो, आणि ते मान वर न करता म्हणायचे, "थांब रं, वळी पुरी हू दे."

एका दुपारी अक्का म्हणाली, "आवं, सुया ऱ्हाऊ द्या. जरा हिकडं बगा की."

दाजींनी सुया खाली ठेवल्या. तिचा पाय मांडीवर घेतला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही तळव्यांत धरून बसले. त्याच आठवड्यात अक्का गेली.

दिवसकार्य झाल्यावर दाजींच्या हातात कुणी लोकर पाहिली नाही. पारावर ते येऊन बसायचे, पण हात नुसते गुडघ्यांवर. पत्तेवाले एकदा म्हणाले, "सुभेदार, आमच्या नातवाला टोपडं करा की." दाजी "बगू" म्हणाले, आणि विषय तिथेच राहिला.

थंडीत मी गेलो, तेव्हा ते ओसरीवर दवाखान्यातला तो भलामोठा मोजा उसवत बसले होते. मेंढरं एकेक करून धाग्यात विरघळत होती. मी शेजारी बसून लोकरीचा गुंडा धरला. सगळा उसवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुज्या अक्काचं पाऊल तसं बारकंच हुतं, न्हवं? मला आता त्ये सुजल्यालंच दिसतंय."

"बारकंच होतं, दाजी. माझ्या शाळेतल्या चपला तिला यायच्या."

त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून हवेत माप धरलं. "येवडं?"

"थोडं कमी."

दाजींनी बोटं जराशी जवळ घेतली आणि तशीच धरून ठेवली.