तिच्या जबड्यातला डीएनए

जयपूरला समुद्र नाही, पण आमच्या विभागाच्या संग्रहालयात फार पूर्वी किनाऱ्यावरून आणलेले शार्क आहेत. त्यांच्यातून जुना डीएनए काढायचा आणि आज जाळ्यात क्वचित सापडणाऱ्या शार्कशी ताडून पाहायचा. पूर्वीची विविधता किती उरली ते त्यातून कळतं. सरांनी आम्हा दोघांना एकेक नमुना निवडायला सांगितला. ज्याला डीएनए मिळेल, तो पुढच्या कामासाठी किनाऱ्यावरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाणार होता.

मी बरणीतलं अख्खं पिल्लू घेतलं. बरणीला स्पिरिटचा वास होता आणि स्पिरिटमध्ये डीएनए टिकतो, म्हणून निश्चिंत होतो. स्पिरिटमध्ये ठेवण्याआधी ते फॉर्मलिनमध्ये मुरवलेलं होतं आणि फॉर्मलिनने डीएनएची वाट लागते, हे सगळं वाया गेल्यावर लक्षात आलं. माझ्याबरोबरच्या मुलीने भिंतीवरचा धुळकट, वाळका जबडा उतरवला, दातात बारीक भोक पाडून भुकटी काढली आणि तिला डीएनए मिळाला.

ती आदर्श नगरातल्या मराठी बँक अधिकाऱ्याची मुलगी. मी तालुक्याच्या शाळेतला, घरातला पहिला पदवीधर. सरांनी मला घेतलं, हे उपकार मी विसरत नाही. तरी तिला हसताना पाहिलं की मी जळायचो.

या कामात एकाला मिळालेला डीएनए दुसऱ्याने नव्याने काढून दाखवावा लागतो. नाहीतर कुठल्या ताज्या माशाचा कण मिसळला नसेल कशावरून? सरांनी ते काम मला दिलं.

"दादा, नाराज तर नाही ना?" तिने विचारलं. "मतलब, माझं निघालं म्हणून."

"आहे. पण भोक सरळच पाडीन."

"तिरकं पाडलंत तर सरांना सांगेन हं."

मी हातमोजे बदलत, श्वास आवरत काम केलं. मनात म्हणत होतो, न जुळो. हात मात्र चुकू देत नव्हतो. निकाल आला. तंतोतंत जुळला होता. मीच तिला सांगितलं.

संध्याकाळी मुरलीपुऱ्यातल्या खोलीवर वडिलांचा फोन आला.

"निंघाला का तो डीएनए?"

"निघाला. पण जाणार ती."

"मंग तुले कायले काढाले लावला?"

"मी काढल्याशिवाय तिचा खरा धरत नाहीत, बाबा."

"म्हंजे तुह्याबिगर तिचं अडलंच होतं," ते खूश होऊन म्हणाले आणि आईला सांगायला गेले.

मला त्याने बरं वाटलं नाही. किनाऱ्यावर मला जायचं होतं.