दाजींच्या दुबार चिठ्ठ्या

मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांनी लिहिलेलं जुळवत आलो. पण दाजींच्या बाबतीत जे झालं ते कुणीतरी लिहायला हवं, आणि ते स्वतः लिहिणार नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याच छापखान्यात मुद्रितशोधक होते. प्रुफं तपासता तपासता त्यांना एक नाद लागला. इंग्रजीतल्या 'टेक', 'सेट', 'पुट' अशा साध्या शब्दांना पुढे 'ऑफ', 'अप', 'इन' असं शेपूट लागलं की किती अर्थ निघतात, ते टिपून ठेवायचे. पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, वर शब्द, खाली अर्थ. एका चिठ्ठीवर एकच अर्थ. 'टेक ऑफ'च्याच नऊ चिठ्ठ्या होत्या: विमानाचं उडणं, अंगातला कोट उतरवणं, कुणाची नक्कल करणं, रजा घेणं, धंद्याने एकदम जोर धरणं, आणखी काही. अर्थ कुठे भेटला तेही लिहायचे. कधी औषधाच्या खोक्यातला कागद, कधी शिलाई मशीनची माहितीपुस्तिका.

चिठ्ठ्या ते घराण्याप्रमाणे लावत. एका अर्थातून दुसरा कसा निघाला त्या क्रमाने. एखादा फारच वेगळा अर्थ सापडला की म्हणत, हा घरजावई. ताई म्हणायची, माझ्या मावश्यांची नावं यांना सांगता येत नाहीत, पण 'पुट'चं सगळं गणगोत पाठ आहे.

निवृत्तीनंतरही नाद सुटला नाही; एकतीस वर्षांत बुटांचे सव्वीस खोके भरले. मग एका प्रकाशकाने कोश छापायचं कबूल केलं. खोके पोचवायला मीही गेलो होतो. दाजींनी तिथल्या संपादकाला तासभर पद्धत समजावली. तो मान डोलवत राहिला.

सात महिन्यांनी प्रुफं आली. पानं एकशे बारा. दाजींना वाटलं, हा पहिला भाग असेल. त्यांनी 'टेक ऑफ' काढलं. एकच ओळ होती: विमानाचे उड्डाण.

आम्ही दोघं त्या ऑफिसात गेलो. संपादकाने चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं की चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावल्यावर एकेकीच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती निघाल्या. म्हणून वरची एक ठेवली, बाकीच्या दुबार म्हणून रद्दीत दिल्या.

"दुबार?" दाजी म्हणाले.

"वर तोच शब्द होता ना, काका."

"आणि खाली?"

खाली कुणी वाचलंच नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही कोश काढणारी माणसं. एका शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि वर तोंड करून तो सांगत होता की हल्ली लोकांना एकच अर्थ पुरतो, पुस्तकही कसं आटोपशीर झालंय, तेव्हा काकांनी शेवटच्या पानावर सही करावी. सोमवारी छपाईला घ्यायचंय.

मी मूग गिळून बसलो. याबद्दल स्वतःवर जेवढा चिडलोय तेवढा त्याच्यावरही नसेन.

दाजींनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. "अठ्ठावीस वर्षं मी अशा सह्या केल्या. सही केली म्हणजे यात काही राहिलेलं नाही. इथे राहिलंय." एवढं बोलून त्यांनी प्रुफं बगलेत मारली आणि जिना उतरले.

घरी आल्यापासून ते तांबडं पेन घेऊन बसलेत. प्रत्येक शब्दापाशी गाळलेल्या मजकुराची खूण करायची आणि हरवलेले अर्थ आठवून समासात लिहायचे. प्रकाशकाचे फोन यायला लागले. सही नसेल तर पुस्तकच रद्द करू, असा दम भरला. प्रुफं कधी परत मिळतील, असं विचारल्यावर ताई म्हणाली, "रद्दीवाल्याकडे चौकशी करा. आमच्या वस्तू तिकडेच असतात." त्यांनी पुस्तक खरंच रद्द केलं. दाजींनी पेन खाली ठेवलं नाही.

मी रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसतो. एका पानाला तीन-चार दिवस लागतात. परवा 'गेट अप'पाशी ते फार वेळ थांबले. त्याच्या अकरा चिठ्ठ्या होत्या हे त्यांना पक्कं आठवत होतं. दहा अर्थ लिहून झाले. अकराव्या चिठ्ठीवर काय होतं, ते काही केल्या आठवेना. खूण करून त्यांनी समास कोरा सोडला आणि पान उलटलं.