टॅब पुढे, टॅब मागे

"मावशी, आई गेली…" माझ्या मैत्रिणीच्या, सुमनच्या लेकीचा फोन येऊन तीन आठवडे झाले. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला आठवली ती मुर्री गावातली दुपार. आम्ही दोघी खुर्च्यांवरून उठून पोरींसारख्या ओरडलो होतो!

दोन हजार चारचा सुमार. सुमनच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मशीनवर बसायला कोणी येईना. शेवटचा डाव म्हणून तिनं सडक अर्जुनीच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी कॉम्प्युटर प्रोग्राम करायचं काम अंगावर घेतलं. तो चालला तर कॉम्प्युटर क्लास काढायचा, नाहीतर दाराला कुलूप. कोड लिहिणार मी… पंचेचाळिशीची, तीन महिन्यांचा कोर्स केलेली, म्हणजे स्वतःच्या मते इंजिनिअरच! आज नातवंडांना सांगताना माझंच मला हसू येतं.

स्क्रीनवर तीन टॅब होते: पेशंट, तपासणी, औषध. पेशंटचं नाव न लिहिता कोणी टॅब बदलला, की त्याला आधीच्या टॅबवर परत पाठवायचं, असं मी टॅब बदलण्याच्या 'इव्हेंट'मध्ये, म्हणजे टॅब बदलला की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये लिहिलं. वर ऐट काय! "आता इथून मुंगीसुद्धा जाणार नाही."

डॉक्टर तीनला येणार होते. दोन वाजता सुमननं नाव रिकामं सोडून 'तपासणी'वर क्लिक केलं. टॅब पुढे, मागे, पुढे, मागे… आणि प्रोग्राम धाडकन बंद!

"कॉम्प्युटरच बिघडला आहे," मी ओरडले.

"काऊन ओरडून राहिली, शांते?" सुमननं शेजारच्या टाइपरायटरवर ओळ संपेपर्यंत बोटं चालवली. टिंग! "शिकणारीनं दाबलं तरी वाजते, मी दाबलं तरी वाजते. हात कोणाचा, हे घंटीले काय माहीत? तू त्याले मागं ढकलते, तेव्हाबी टॅब बदलतेच ना? मंग कॉम्प्युटर तुझा हुकूम पुन्हा वाचते."

माझा चेहरा पडला, पण बोटं पळाली. कोडमध्ये एक खूण ठेवली, नाव दिलं 'मीच'. माझाच कोड टॅब मागे नेत असताना ती खूण दिसली, की इव्हेंटनं काही न करता गप बसायचं. पुन्हा क्लिक… टॅब एकदाच मागे आला आणि तिथंच थांबला! तेव्हाच आम्ही ओरडलो.

डॉक्टरांनी मुद्दाम नाव गाळून पाहिलं. "ये तो हमारे कंपाउंडर से भी कडक है," म्हणाले, आणि प्रोग्राम घेऊन गेले. महिन्याभरात पाटी बदलली.

मागच्या सोमवारी लेकीनं क्लासची किल्ली माझ्या हातात दिली. सुमनच्या खुर्चीला तिची उशी अजून बांधलेली आहे. मी तिच्याहून बुटकी… त्यावर आणखी एक उशी ठेवली, चढून बसले आणि हजेरी घेतली.